पोकेमॉनचा डेक: आवड एका पत्त्याची, हिशेब साठांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पोकेमॉनच्या पत्त्यांच्या किमतींवर लेख आला होता. पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकांचे 'हा मुलांना लावलेला नवा जुगार' असे पत्र छापून आले. दोन्ही मी मन लावून वाचले. लेखात अमेरिकी यूट्यूबर लोगन पॉलने 'इलस्ट्रेटर' नावाच्या एका पत्त्यासाठी केलेला ५२ लाख ७५ हजार डॉलरचा व्यवहार होता, पत्रात एका आजोबांची खरी काळजी होती. पण या पत्त्यांनी मुले खेळतात, समोरासमोर बसून, डोके लावून खेळतात, याचा उल्लेख दोन्हींकडे नव्हता. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, तरी छापावे अशी विनंती.

मी डोंबिवलीत कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. आमच्या सोसायटीतली मुले शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून पोकेमॉनचे डाव मांडतात आणि मीही त्यांच्यात बसून खेळते. या खेळातला माझा सर्वांत आवडता भाग प्रत्यक्ष डावाच्या आधीचा आहे: डेक बनवणे. मुलांची भांडणे, रुसवे आणि खरी हुशारी सगळी तिथेच दिसते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रमी घ्या, मेंढीकोट घ्या, बदाम सात घ्या. कॅट सगळ्यांना एकच, ५२ पत्ते ठरलेले, वाटप होईल तसे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घेतली तरी तेच. त्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, एकूण १२०. ते गोल, हाताने रंगवलेले पत्ते तासन्‌तास पाहत राहावेत असे असतात. पण त्यातले कुठले घ्यायचे, हे खेळणाऱ्याच्या हाती नसते. पोकेमॉनमध्ये दोन्ही खेळाडू आपापला ६० पत्त्यांचा डेक घरून बनवून आणतात. एकाच नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते ठेवता येत नाहीत, फक्त साध्या ऊर्जेच्या पत्त्यांना, म्हणजे मुलांच्या भाषेत 'एनर्जी'ला, ही मर्यादा नाही; हल्ला करायला पोकेमॉनला ती लावावी लागते. सुरुवातीला सात पत्ते हातात येतात, सहा 'प्राइझ' म्हणून उपडे बाजूला जातात. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या प्राइझमधला पत्ता उचलायचा, सगळे सहा ज्याने आधी उचलले तो जिंकला. समोरच्याकडे पटावर एकही पोकेमॉन उरला नाही किंवा त्याला ओढायला पत्ताच राहिला नाही, तरीही डाव आपला.

हजारो पत्ते छापले गेलेत, जपानमध्ये १९९६ पासून आणि इंग्रजीत १९९९ पासून. त्यातले साठ कुठले? इथे मुलांचे सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मला जे आवडतात तेच मी घेणार. दुसरा इंटरनेटवरून जगज्जेत्याची यादी उतरवून आणतो आणि पहिल्या तटाला 'तुमचा डेक फक्त दिसायला भारी' असे हिणवतो. पहिला हरतो आणि रडकुंडीला येतो. दुसरा जिंकतो आणि महिन्याभरात कंटाळतो. माझे म्हणणे असे आहे की दोघांनीही प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. आवड आणि डावपेच यांची वाटणी तीस-तीस पत्ते अशी करता येत नाही. आवडीने एक पत्ता निवडायचा, त्याच्यावर जीव टाकायचा, आणि उरलेल्या प्रत्येक पत्त्याला विचारायचे की तू याच्यासाठी काय करणार आहेस? जो उत्तर देईल तो राहील. अशा डेकला खरी शैली येते. ज्यात दहा लाडके कोंबले आहेत त्याला शैली नसते, कारण तो डेक कशाने जिंकू पाहतो आहे हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही.

आठवीतली एक मुलगी आहे आमच्याकडे. तिच्या डेकमध्ये चारिझार्ड ईएक्स ('ईएक्स' म्हणजे पोकेमॉनची जास्त दांडगी, खास आवृत्ती) होता, गार्डेव्हॉर होता, ग्रेनिंजा होता, एक म्यूटू, ईव्ही आणि तिची दोन-तीन रूपे, आणि एनर्जी तीन प्रकारची. प्रत्येक पत्ता एक-एकच, कारण जागा पुरत नव्हती. तिच्या थोरल्या भावाने चारिझार्डची नामांकित यादी जशीच्या तशी उतरवली होती आणि त्याने तिला ओळीने हरवले होते. एका शनिवारी ती म्हणाली, "काकू, मी पण दादाचीच यादी करते. माझे पत्ते काही कामाचे नाहीत."

मी तिचे साठही पत्ते सतरंजीवर सहा-सहाच्या ओळींत मांडायला सांगितले. मग विचारले, "यातला एकच ठेवायचा असेल, बाकी सगळे परत द्यायचे असतील, तर कुठला ठेवशील?"

मला वाटले होते ती चारिझार्डला हात घालेल. तिने बराच वेळ घेतला आणि कोपऱ्यातला मिमिक्यू उचलला. मिमिक्यू म्हणजे एक लहानसे भूत. आपल्याला कुणी जवळ करत नाही म्हणून ते पिकाचूसारखे दिसणारे फाटके कापड पांघरून फिरते. "याला कुणीच घेत नाही, म्हणून," ती म्हणाली.

आता तो पत्ता नीट वाचू या, कारण सगळी गंमत त्यात आहे. २०२३ मधल्या 'पॅल्डिया इव्हॉल्व्ह्ड' या संचातला हा मिमिक्यू. ताकद, म्हणजे बाद होण्याआधी सोसता येणारी इजा, अवघी ७०. पण त्याच्याकडे 'सेफगार्ड' नावाची क्षमता आहे: समोरच्याचा पोकेमॉन 'ईएक्स' किंवा तसाच दांडगा 'व्ही' असेल तर त्याच्या हल्ल्याने मिमिक्यूला काहीही इजा होत नाही. आणि हल्ला, 'घोस्ट आय': दोन एनर्जी लागतात, त्यातली एक सायकिक प्रकारची, आणि समोरच्यावर इजेचे सात दाणे बसतात, म्हणजे ७०. चारिझार्ड ईएक्सची ताकद ३३०. सत्तर-सत्तर करत पाच घाव लागतात. पण त्या पाच पाळ्या चारिझार्ड त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही! आणि ईएक्स बाद झाला की एकाऐवजी दोन प्राइझ मिळतात. जे भूत कुणाला नको होते ते सोसायटीतल्या सगळ्यांत धाकाच्या पत्त्यासमोर निवांत उभे राहू शकत होते. हे तिने नुसते वाचून काढले होते, पण तिच्या डेकमध्ये मिमिक्यू एकच आणि सायकिक एनर्जी मोजून पाच होत्या, त्यामुळे ते कधी घडलेच नव्हते.

मग बाकीचे पत्ते एकेक करून समोर आले. चारिझार्ड? त्याला आगीची एनर्जी लागते, मिमिक्यूला तिचा फारसा उपयोग नाही, बाजूला. ग्रेनिंजा बाजूला. ईव्ही बाजूला काढताना तिला जड गेले, पण तिने स्वतःच काढली. मिमिक्यू एकाचे चार झाले; तीन तिने मित्रमैत्रिणींशी अदलाबदल करून मिळवले आणि कुणाला द्यायला काहीच वाटले नाही. सोबतीला ड्रिफ्लून आला, तोही भूतच, फुग्यासारखा, त्यालाही सायकिकच एनर्जी चालते, आणि मुख्य म्हणजे त्याचीही ताकद ७०. हे मुख्य का? तर 'बडी-बडी पॉफिन' नावाचा एक पत्ता आहे, तो खेळला की डेकमधून ७० किंवा त्याहून कमी ताकदीचे दोन मूळ पोकेमॉन, म्हणजे दुसऱ्या पोकेमॉनपासून वाढवावे न लागणारे, शोधून थेट बेंचवर, म्हणजे लढणाऱ्यामागच्या राखीव रांगेत, बसवता येतात. एकाच पॉफिनमध्ये दोन्ही भुते हजर. ड्रिफ्लून घेण्याचे दुसरे कारण असे की सेफगार्ड फक्त ईएक्स आणि व्ही यांच्याविरुद्ध चालतो. समोरच्याने साधा पोकेमॉन पुढे केला तर मिमिक्यू उघडा पडतो, तेव्हा लढायला कुणी तरी हवा. ड्रिफ्लूनला स्वतःला जितकी इजा झालेली असेल तितका त्याचा घाव मोठा होतो. हा एक पत्ता दिसायला मिमिक्यूच्या पंगतीतला आणि कामाला त्याच्या पाठीशी उभा राहणारा.

इथून पुढचा भाग शुद्ध गणिताचा आहे, आणि गणिताची शिक्षिका म्हणून मला तो फार प्रिय आहे. डेकमध्ये एखादा पत्ता एकच असेल तर तो पहिल्या सात पत्त्यांत येण्याची शक्यता ६० पैकी ७, म्हणजे पावणेबारा टक्क्यांच्या आसपास. दोन ठेवले तर २२ टक्के. चार ठेवले तर ४०. शिवाय एकुलता एक पत्ता प्राइझमध्ये अडकून बसण्याची शक्यता ६० पैकी ६. म्हणजे दहा डावांत साधारण एकदा तुमचा लाडका पत्ता उपडा पडलेला असतो आणि तुम्ही त्याची वाट पाहत बसता. ही आकडेमोड मी मुलीला करून दाखवली नाही, तिच्याकडून करवून घेतली. अकरावीला मी परम्युटेशन-कॉम्बिनेशन शिकवते तेव्हा पेटीतले लाल-निळे चेंडू काढून काढून मुले जांभया देतात. इथे आठवीतली मुलगी पेन्सिल चावत अपूर्णांकांचे गुणाकार करत होती, कारण तिला मिमिक्यू हातात हवा होता.

मूळ पोकेमॉन किती ठेवायचे यावर तर आमची चांगलीच चर्चा झाली. पहिल्या सात पत्त्यांत एकही मूळ पोकेमॉन नसेल तर हात दाखवून, पुन्हा पिसून, नवे सात घ्यावे लागतात आणि समोरच्याला जास्तीचा एक पत्ता घेता येतो. चार मिमिक्यू आणि चार ड्रिफ्लून मिळून आठ झाले. आठ असतील तर पहिल्या हातात निदान एक येण्याची शक्यता ६५ टक्के. दहा केले तर ७४, बारा केले तर ८१. मी दहाच्या बाजूने होते. ती म्हणाली, "पण काकू, 'बॉसेस ऑर्डर्स' आहे ना." हा पत्ता खेळणारा समोरच्याच्या बेंचवरचा कुठलाही पोकेमॉन ओढून पुढे आणू शकतो. मिमिक्यूला हात लावता येत नाही म्हणून भाऊ बेंचवरचा दुबळा पोकेमॉन ओढणार, हे तिच्या लक्षात आले होते. "बेंचवर जितके जास्त, तितकी दादाला गिऱ्हाइकं. तीन डावांत एकदा परत पिसायला लागलं तर चालेल." तिने आठच ठेवले. मला तो निर्णय फार आवडला. तिला दोन्ही बाजूंचे आकडे माहीत होते आणि त्यातून तिने आपल्या स्वभावाला मानवेल ती जोखीम उचलली. शैली म्हणतात ती याला.

पुढच्या शनिवारी भावाच्या चारिझार्डसमोर मिमिक्यू उभा राहिला. चारिझार्डचा हल्ला १८० चा, समोरच्याने उचललेल्या प्रत्येक प्राइझमागे आणखी ३० चा, आणि मिमिक्यूवर त्याचा परिणाम शून्य. भाऊ पत्ता हातात घेऊन तीनदा वाचत होता. तो डाव हरला. नंतर त्याने आपल्या उतरवलेल्या यादीकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. त्या यादीत 'रेडियंट चारिझार्ड' हा एक पत्ता होता. तो ईएक्स नाही. त्याच्या हल्ल्याला एरवी पाच एनर्जी लागतात, पण समोरच्याने उचललेल्या प्रत्येक प्राइझमागे एक कमी होते, आणि घाव २५० चा. मिमिक्यूला सेफगार्ड असूनही तो एका फटक्यात उडवतो. एवढे दिवस हा पत्ता त्याच्या डेकमध्ये होता आणि तो कशासाठी आहे हे त्याला माहीतच नव्हते, बहिणीने प्रश्न उभा केला तेव्हा उत्तर सापडले. मग पिजिऑट ईएक्सच्या 'क्विक सर्च'ने तो दर पाळीला हवा तो पत्ता शोधून आणू लागला आणि पुढचे काही डाव त्याने घेतले. आता त्या दोघांचे डाव अटीतटीचे होतात, आणि बाकीची मुले आपले खेळ थांबवून ते बघतात.

यादी उतरवण्याला माझा विरोध नाही, हे इथे स्पष्ट करते. पत्ते ओढायचे कसे, शोधायचे कसे, हा सांगाडा जाणत्यांकडूनच घ्यावा. 'प्रोफेसर्स रिसर्च'मध्ये हातातले सगळे टाकून सात नवे ओढायचे, 'अल्ट्रा बॉल'साठी दोन पत्ते टाकून हवा तो पोकेमॉन शोधायचा, 'नेस्ट बॉल'ने मूळ पोकेमॉन बेंचवर आणायचा. ही कामाची माणसे पुष्कळ चांगल्या डेकमध्ये दिसत आली आहेत आणि त्यात कुणी नवीन शोध लावायची गरज नाही. पण यादीतल्या प्रत्येक पत्त्यासमोर 'हा इथे का' हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिले पाहिजे. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तो काढून चार डाव खेळून पाहावे. काय अडले ते लगेच कळते.

सुंदर पत्ता आणि जिंकणारा पत्ता यांची फारकत या खेळाच्या जन्मापासूनची आहे. १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचातला चारिझार्ड आजही संग्राहकांचा सर्वांत लाडका. मित्सुहिरो अरिता यांचे ते चित्र, तोंडातून ज्वाळा सोडणारा, ताकद १२०, घाव १०० चा. पण त्यासाठी चार एनर्जी लागत, दर पाळीला एकच लावता येई, आणि घाव घातला की दोन एनर्जी टाकाव्या लागत. शिवाय आधी मूळ पत्ता, मग त्यावर मधला, असे दोन टप्पे चढून तो पटावर येत असे. त्या काळी स्पर्धांमध्ये दरारा होता तो 'हेमेकर' नावाच्या डेकचा. त्यात हिटमॉनचॅनसारखे मुष्टियोद्धे असत. पहिल्याच एनर्जीवर २० चा ठोसा, वाढवायची भानगड नाही, आणि जोडीला समोरच्याच्या एनर्जी काढून टाकणारे पत्ते. चार एनर्जी जमवत बसलेल्या चारिझार्डची एक काढली की तो पुन्हा मागे. तेव्हाच्या पोरांना चारिझार्ड आवडे आणि हिटमॉनचॅन जिंकून देई. २०२३ चा चारिझार्ड ईएक्स मात्र वाढून पटावर येताक्षणी डेकमधून आगीच्या तीन एनर्जी स्वतःच शोधून लावतो. जुना दुखरा भाग नेमका ओळखून बनवलेला पत्ता आहे तो, आणि म्हणूनच त्याचा डेक देखणाही ठरला आणि मोठ्या स्पर्धांत जिंकूही लागला.

पत्त्यांचे नाही, पण पोकेमॉनच्याच व्हिडिओ गेमचे एक उदाहरण मी मुलांना नेहमी सांगते. २०१४ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जिंकला. त्याच्या संघात पाचिरिसू होती, एक चिमुकली विजेची खार, जिला मोठ्या स्पर्धेत कुणी विचारत नसे. तिच्याकडे 'फॉलो मी' ही चाल होती. समोरच्यांचे हल्ले ती स्वतःवर ओढून घ्यायची आणि तिच्या शेजारचा बलाढ्य पोकेमॉन तेवढ्यात आपले काम उरकायचा. ती गोंडस आहे म्हणून त्याने तिला ठेवले असे कुणाला वाटले असेल, पण त्या जागेवर ते काम तिच्याइतके चांगले करणारे त्याला दुसरे कुणी दिसले नव्हते. सगळ्या मैदानाने तिला नीट वाचलेच नव्हते, त्याने वाचले.

शैली म्हणजे नुसते चित्र नव्हे, हेही मुलांना कळायला हवे. कसे जिंकायला आवडते, हा त्यातला मोठा भाग. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा अशा खेळांचा मूळपुरुष, १९९३ चा. तो रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने बनवला, याचा मला माझ्या विषयापुरता अभिमान वाटतो. त्या खेळाचे एक प्रमुख रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी खेळाडूंच्या तीन स्वभावांवर २००२ मध्ये लिहिले: टिमीला भव्य काही तरी घडवायचे असते, जॉनीला आपली कल्पकता दाखवायची असते, स्पाइकला जिंकून आपली क्षमता सिद्ध करायची असते. आमच्या सतरंजीवर तिघेही असतात. ती मिमिक्यूवाली जॉनी आहे, तिचा भाऊ स्पाइक. पहिलीतला एक छोटा आहे, त्याला फक्त ३३० ताकदीचा पत्ता धाडकन टाकायचा असतो, डाव हरला तरी त्याची संध्याकाळ आनंदात जाते. तिघांना एकच सल्ला देऊन चालत नाही. छोट्याला मी शक्यता शिकवत नाही. त्याच्या डेकमध्ये फक्त 'रेअर कँडी' चार आहेत ना एवढे पाहते, म्हणजे मूळ चारमँडरवर मधला टप्पा गाळून थेट चारिझार्ड ठेवता येतो आणि त्याचा तो धाडकन क्षण बहुतेक डावांत निदान एकदा येतो.

आणि ज्यांना चित्राचीच आवड आहे त्यांना या खेळात काहीही गमवावे लागत नाही, ही गोष्ट पालकांना फारशी माहीत नसते. तोच पत्ता, तेच नाव, तीच ताकद, तोच हल्ला अनेकदा वेगवेगळ्या चित्रांनिशी छापला जातो. पूर्ण पत्ताभर रंगवलेली दुर्मीळ आवृत्ती महाग असते, साधी आवृत्ती स्वस्त, आणि पटावर दोघींचे काम तंतोतंत एकच. युका मोरिई मातीच्या छोट्या मूर्ती करून त्यांचे फोटो पत्त्यांवर आणतात. असाको इतो पोकेमॉन लोकरीने विणतात. मला क्रोशाचे वेड आहे, म्हणून मी इतोंचे पत्ते शोधून शोधून जमवते आणि नियमात बसेल तिथे साध्याऐवजी तेच वापरते. त्याने माझ्या डेकची ताकद तसूभरही वाढत नाही आणि कमीही होत नाही. पण डाव मांडताना मला बरे वाटते आणि मुले "काकू, हा बघू" म्हणत पत्ता हातात घेतात. एनर्जीचे पत्ते एकाच मालिकेतले जुळवणे, पत्त्यांवर चढवायची संरक्षक पाकिटे आवडत्या रंगाची घेणे, हेही तसेच. फक्त साठांनाही पाकिटे एकसारखी हवीत, नाही तर मागून पत्ता ओळखू येतो आणि ती लबाडी ठरते.

आता आजोबांच्या पत्राकडे येते. बंद पाकीट फोडून दुर्मीळ पत्ता निघतो का हे बघण्याचा नाद लागतो, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्यांची काळजी रास्त आहे. पण उपाय मुलाला पत्त्यांपासून तोडण्यात नाही. ज्याला आपल्या डेकला काय हवे हे ठाऊक आहे तो पाकिटे फोडत बसत नाही. त्याला दोन ड्रिफ्लून हवे असतात, तो दोन ड्रिफ्लून मागतो, अदलाबदल करतो किंवा सुटे विकत घेतो. आमच्याकडे ज्यांनी एक पत्ता मनाशी धरला त्यांचा खर्च कमी झाला, हे त्यांच्या आयांनीच मला सांगितले. पालकांनी वाढदिवसाला पाकिटांचा गठ्ठा देण्यापेक्षा खेळायला तयार असा एखादा डेक द्यावा आणि तो मुलाच्या मनाप्रमाणे बदलायला महिन्याचे ठरावीक पैसे द्यावेत.

शाळेबाहेरच्या दुकानांत स्वस्तात जे चकचकीत सोनेरी पत्त्यांचे डबे मिळतात, ते मात्र घेऊ नयेत. ते खोटे असतात. वजन वेगळे, अक्षरे चुकलेली, ताकदीचे आकडे वाट्टेल ते. त्यांनी डेक बनत नाही, कारण पत्ताच खोटा असेल तर हिशेब कशाचा करायचा? मुले त्या सोनेरी रंगाला भुलतात, तेव्हा ओरडण्यापेक्षा खरा पत्ता शेजारी ठेवून त्यांनाच फरक शोधायला लावावा.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. बालपुरवणीत शब्दकोडे आणि सुडोकू येते, त्याच्या शेजारी महिन्यातून एकदा डेकचे कोडे द्यावे. साठ पत्त्यांची यादी छापायची, त्यातला एक पत्ता 'हा ठेवायचाच' म्हणून चौकटीत घ्यायचा, आणि विचारायचे: बाकीच्यांतले कुठले चार काढाल आणि त्या जागी काय घालाल? पहिली काही कोडी तयार करून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. उत्तर पाठवणाऱ्या मुलांनी प्रत्येक बदलाचे कारण दोन ओळींत लिहावे एवढी अट ठेवावी. आणि चौकटीतला पहिला पत्ता मिमिक्यू नसावा, त्याचे उत्तर आमच्या इमारतीतल्या मुलांना आधीच पाठ आहे.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)